फोटोवरच्या कुंकवाबद्दल

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आहे, आणि त्यातला थोडा माझ्या हक्काचा आहे. तुमचं म्हणणं असं: काकांची तेरवी रीतसर झाली, आठशे पान उठलं, मग २० डिसेंबरला गावानं पुन्हा गेलेल्या सगळ्यांची मिळून शोकसभा कशाला घेतली? घेतली तर काकांसारखे माजी सरपंच आणि सालाच्या बोलीवर राबणारा सालदार एका रांगेत कसे? वर एका विधवेच्या फोटोला कुंकू!

रांग मीच लावली. ज्या क्रमानं माणसं गेली, त्या क्रमानं फोटो. काका कोजागिरीच्या सुमारास गेले, सालदार दिवाळी झाल्यावर, म्हणून शेजारी आले. त्याची तेरवी झालीच नाही. कौंडण्यपूरला वर्धा नदीत राख शिरवली, पाच माणसांना वरण-भात घातला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको कापूस वेचायला गेली. सभा मुख्यतः अशांसाठीच होती. दिवस-तेरवीसाठी कर्ज काढू नका, हे गाडगेबाबा जन्मभर कीर्तनातून सांगत राहिले. १९५६ साली वलगावजवळ ते गेले तो २० डिसेंबर, म्हणून ही तारीख. शिवाय तोवर सोयाबीन घरात आलेलं असतं आणि वेचणीवरून परतल्या की बायांना येता येतं.

काकांवर भाषण झालं नाही, कारण कोणावरच झालं नाही. आदल्या वर्षी एका पुढाऱ्यानं श्रद्धांजली म्हणून चाळीस मिनिटं रस्त्याच्या कामाचं सांगितलं आणि गेलेल्या माणसाचं नाव चुकवलं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी एवढी गर्दी गप्प उभी राहते, तिथं कोणी माईक मागत नाही. आम्हीही सामुदायिक प्रार्थना आणि मौन, एवढंच ठेवलं.

आता कुंकू. त्या आजीचा घरी एकच फोटो होता, निराधारच्या पैशाच्या पासबुकावरचा. बँकेचा गोल शिक्का अर्धा गालावर. तालुक्याच्या फोटोवाल्यानं तो मोठा करताना शिक्का पुसला, पदर सारखा केला आणि कोणाला न विचारता कपाळावर रुपयाएवढं कुंकू बसवलं. बायांच्या फोटोला तो बसवतोच. फ्रेम हातात आली तेव्हा मीही दचकलो. सभेला दोन तास होते. नातीला विचारलं, बदलून आणू का? ती म्हणाली, "राहू द्या जी. चाळीस वर्सं नाई लावलं तिनं. आता कोन काय म्हन्ते तिले?"

कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रकही निघालं. आमच्या गावात ते कोणाच्या फायलीत आहे कोण जाणे. इथं जे झालं ते फोटोवाल्याच्या सवयीनं झालं. नातीला चाललं, तर तुमच्या-माझ्या हरकतीला मी वजन देणार नाही.

चूक झाली ती वेगळीच, आणि ती तुमच्या ध्यानात आली नाही. काकांच्या फोटोसाठी मी तुमच्या चुलतभावाला फोन केला, काकूंना विचारलं नाही. त्यांना सभेत येऊन फोटो पाहिल्यावरच कळलं. परवा माफी मागायला गेलो. रांगेचं त्यांनी काढलंही नाही. म्हणाल्या, बिनचष्म्याचा फोटो कायले लावला, हे तर मलेच वळखू येत नाईत.

चष्म्याचा फोटो पुण्याला तुमच्याकडे आहे म्हणे. व्हॉट्सअॅपवर पाठवा, फ्रेम अजून माझ्याकडेच आहे.