बुरशीला औषधाची 'सवय' लागत नाही, खरं काय होतं ते वाचा

गेले दहा-बारा दिवस आमच्या गोव्यातल्या फोंडा-सत्तरीकडच्या सगळ्या बागायतदार ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. बुरशीला औषधाची सवय होते, म्हणून दर वर्षी डोस वाढवत न्या, कंपनी बदलत राहा, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आता जुनं झालं ते सोडा, आणि एक वर्ष फवारणी बंद ठेवली की सवय सुटते. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे तर नात्यातले. पावसाच्या तोंडावर कोणी हे खरं मानून कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, उतरला तर सुपारी गळणार आणि पैसेही जाणार, म्हणून बसून लिहितोय.

आधी ती सवय. दारू पिणाऱ्याला सवय होते तसं बुरशीचं होत नाही हो. एका घडावर पांढरी बुरशी दिसायला लागते तेव्हा तिथे लाखो बीजाणू (बुरशीचं बी) असतात, आणि एवढ्या पिलावळीत जनुकांची नक्कल होताना कुठे ना कुठे एखादं अक्षर चुकतंच, औषध मारा नाहीतर नका मारू. बहुतेक चुका फुकट जातात. पण एखादी चूक नेमकी त्या जागी होते जिथे औषध जाऊन चिकटतं, मग त्या बीजाणूला औषध लागूच होत नाही. आपण फवारतो, बाकीचे मरतात, हा एकटा उरतो आणि मोकळ्या रानात त्याचीच प्रजा वाढते. म्हणजे औषधाने बुरशी बदलली नाही, आधीच बदललेली होती ती आपण निवडून ठेवली. सगळा मेसेज चुकतो तो इथेच, पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

आता डोस. स्ट्रोबिलुरीन गटाची औषधं बुरशीच्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनाला अडवतात, म्हणजे तिचा श्वासच बंद करतात. त्या प्रथिनात 143 व्या जागी ग्लायसीन नावाचं अमिनो आम्ल असतं, तिथे अॅलनीन हे दुसरं आलं की औषध बसतच नाही. ही औषधं 1996 मध्ये बाजारात आली आणि 1998 मध्ये जर्मनीत गव्हाच्या भुरी रोगावर ती चालेनाशी झाली. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत डाऊनी (केवडा) रोगामध्ये पण हाच बदल सापडलाय. अशा बुरशीवर दुप्पट मारा, चौपट मारा, खिसा रिकामा होईल, पानं करपतील, बाकी काही नाही. ट्रायझोल ह्या औषधांच्या दुसऱ्या गटात प्रतिकार एकदम न येता पायरी पायरीने चढतो, तिथे सुरुवातीला डोस वाढवल्यावर फरक दिसतो, म्हणूनच लोकांना हे पटत असावं. पण लेबलावरच्या डोसापलीकडे जाणं हा तिथेही उपाय नाही.

कंपनी बदलणं तर अगदीच व्यर्थ. एझॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन, तिन्ही स्ट्रोबिलुरीनच, डबे तीन, रंग तीन, पण बसायची जागा एकच, एक चालत नसेल तर बाकीचे दोन पण बहुधा चालणार नाहीत. बदलायचा तो गट. दुकानात गेलात की ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं ते वाचा.

आणि कोळेरोगाचं, म्हणजे पावसात सुपारी कुजून गळते त्या रोगाचं, तर मला वेगळंच सांगायचंय. कोळेरोग करणारी फायटोफ्थोरा ही खरी बुरशीच नाही, ती पाण्यातल्या शेवाळांच्या जवळची जात. तिच्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पहिल्या दिवसापासून चालत नाही, ट्रायझोलही नाही. आमच्या शेजारच्या कुळागरात तीन पावसाळे कार्बेन्डाझिम मारलं, गळ थांबली नाही, आणि काका सगळ्यांना सांगायचे की रोगाला सवय झाली. सवय कसली, औषधच त्या रोगाचं नव्हतं!

तिच्यावर चालतं ते मेटॅलॅक्सिल. ते 1977 च्या सुमारास आलं आणि 1980 मध्येच आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या करप्याने त्याला दाद द्यायचं सोडलं. म्हणून आज ते एकटं न देता मॅन्कोझेब घालून देतात.

बोर्डो जुनं झालं ह्या वाक्याचा तर मला रागच येतो. फ्रान्समध्ये 1885 मध्ये मिलार्देने ते द्राक्षांवर वापरलं, आपल्याकडे मैसूरच्या सुपारीत 1910 च्या आसपास आलं, आणि अजून चालतंय. कारण तांबं बुरशीला एका जागी धरत नाही, एकाच वेळी कितीतरी प्रथिनं बिघडवतं, त्यामुळे एक अक्षर बदलून बुरशीची सुटका होत नाही, एकदम खूप ठिकाणी बदल व्हावे लागतील. मॅन्कोझेबचंही तसंच.

एक वर्ष बंद ठेवण्याचं थोडक्यात. बेनोमिलच्या (कार्बेन्डाझिम त्यातलंच) गटाला न जुमानणाऱ्या बुरशा, औषध बंद करून कितीतरी वर्षं झाली तरी बागांत सापडल्यात. आणि कोळेरोगात एक पावसाळा सोडणं म्हणजे पुढच्या वर्षीसाठी बागेत रोग साठवून ठेवणं.

मग बोर्डो फेल का जातं? बहुतेक वेळा बनवताना. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर, दोन्ही वेगळं विरघळवून मग एकत्र, लोखंडी भांड्यात अजिबात नाही. चुना जुना असला तर लोखंडी कोयता बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघाड बघून, आणि पाडेल्याला (माडा-सुपारीवर चढणाऱ्याला) सांगा की पानांवर नको, घडावर सगळीकडून बसू दे.