आडनाव विचारणारा एजंट

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाजलं. भाच्याला ऑफिसातल्या मित्रासोबत पुण्यात फ्लॅट भाड्याने घ्यायचा होता. फ्लॅट पसंत पडला, डिपॉझिट ठरलं आणि मग एजंटने मित्राचं आडनाव विचारलं. शेख. दुसऱ्या दिवशी मालकाच्या घरी अचानक पाहुणे राहायला येणार असल्याचं कळलं. भाच्याने चिडून लिहिलं, हा वर्णद्वेषच आहे. त्यावर दादाचं उत्तर : "घर त्याचं, मर्जी त्याची. वर्णद्वेष काय असतो ते केप टाउनच्या मावशीला विचार."

विचारलंच आहे तर सांगते. नऊ वर्षं इथे काढली आहेत.

दादाचं अर्धं बरोबर आहे. इथलं, दक्षिण आफ्रिकेतलं प्रकरण मर्जीचं नव्हतं, कायद्याचं होतं. 1948 मध्ये गोऱ्यांची नॅशनल पार्टी निवडून आली आणि 1950 मध्ये दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक माणसाची वंशावर नोंद केली, दुसऱ्याने कुठल्या वंशाने शहराच्या कुठल्या भागात राहायचं ते ठरवलं. नोंदीबद्दल शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघत. अडकली तर माणूस गोरा नाही. काळ्या माणसाला स्वतःच्या देशात खिशात पास बाळगावा लागे. त्या पासांविरुद्ध 21 मार्च 1960 ला शार्पव्हिलला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 69 माणसं गेली. आपल्याकडे असला कायदा नाही. उलट घटनेचं 17वं कलम अस्पृश्यता मोडीत काढतं. शिवाय दक्षिण आफ्रिकेशी व्यापार सगळ्यांत आधी तोडला तो भारताने, 1946 मध्ये. 1974 ला टेनिसच्या डेव्हिस कपची फायनल खेळायला आपण नकार दिला आणि कप त्यांना आयता मिळाला. हा किस्सा दादा दर दिवाळीला सांगतो, आणि त्याने तो सांगावाच.

पण मला आठवतात त्या केप टाउनच्या रायलंड्स वस्तीतल्या आमच्या आंटी.

आंटी ऐंशीच्या पुढच्या. आजोबा खेडच्या बाजूचे, बोटीने आले आणि शहरातल्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत किराणा दुकान टाकलं. केप टाउनमध्ये अशी कोकणी मुसलमानांची बरीच घरं आहेत. आंटींनी कोकण पाहिलेलं नाही, पण ईदला सांदण करतात आणि पहिली ताटली माझ्याकडे येते. 11 फेब्रुवारी 1966 ला सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्स 'फक्त गोऱ्यांसाठी' जाहीर केलं. त्यापुढच्या वर्षांमध्ये साठ हजारांच्या वर माणसं उठवली, घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी आणि चर्च तेवढी ठेवली. आंटींचं कुटुंब कागदावर 'इंडियन', म्हणून रायलंड्सला. त्यांच्या बहिणीचं लग्न मलाय घरात झालेलं, म्हणजे कागदावर 'कलर्ड', म्हणून ती हनोव्हर पार्कला. दोन्ही वस्त्यांत फार अंतर नाही, पण सख्ख्या बहिणींना एका गल्लीत घर घेता येईना.

डिस्ट्रिक्ट सिक्सच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा पसरलाय, त्यावर जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली आहेत. लोक त्यावरून चालतात. आंटींनी चपला काढल्या, गुडघा धरत खाली बसल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "इथे तांदळाची पोती असायची."

हे कायदे 1991 मध्ये रद्द झाले, 1994 मध्ये सगळ्यांनी एकत्र मत दिलं. तरी आजही पहाटे शहराच्या कडेच्या खायेलित्शा या काळ्यांच्या वस्तीतून टॅक्स्या भरून माणसं डोंगराच्या पायथ्याच्या बंगल्यांत कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. रायलंड्स अजून बहुतेक आपल्याच लोकांचं आहे. कायदा गेला, नकाशा राहिला. आता तो जागेच्या भावाने आणि लोकांच्या मर्जीने टिकलाय.

म्हणून दादाच्या 'मर्जी'शी माझं जमत नाही. कायदा संसदेत रद्द तरी करता येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन कुठल्या संसदेत रद्द करायचा?

2001 मध्ये डरबनला वंशद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद झाली. दलित संघटनांनी आग्रह धरला की जातीचा प्रश्नही घ्या. जात म्हणजे वंश नव्हे, असं म्हणत आपलं सरकार अडून बसलं. जात म्हणजे वंश नव्हे हे मलाही मान्य आहे. धर्मही वंश नव्हे. पण एजंटला एवढं समाजशास्त्र लागत नाही, त्याला आडनाव पुरतं. 1917 साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. खरं कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. त्यांना जायला सांगणारा कुठला कायदा होता?

आता आंटींचंच बघा. मागच्या अंगणातली खोली भाड्याने द्यायची आहे. परवा मला म्हणाल्या, "कोणी आपला माणूस बघ, मलावीवाला नको." मलावीवाला, म्हणजे आफ्रिकेतल्याच मलावी देशातून आलेला. नकाशावर चपला काढणारी हीच बाई. मी काही बोलले नाही, सांदण खात राहिले.

बोलणार कुठल्या तोंडाने? माझा ठाण्याचा फ्लॅट तीन वर्षं भाड्याने दिलेला आहे. जाहिरात एजंटने टाकली होती : 'फक्त व्हेज फॅमिली'. मला तेव्हाच दिसली होती. सोयीचं वाटलं आणि गप्प बसले. ऑगस्टमध्ये करार संपतोय, म्हणून गेल्या आठवड्यात एजंटला लिहिलं की या वेळी ती ओळ काढा, कोणीही चालेल.

"मॅडम, सोसायटीशी बोलून सांगतो," असं उत्तर आलं, पुढे हात जोडलेले.

अजून सांगितलेलं नाही. मीही ग्रुपवर यातलं काही लिहिलेलं नाही.