आधीच तयार ठेवलेली सबब

सांगलीत आयर्विन पुलाच्या अलीकडे आमचा कट्टा आहे. 2019 च्या पुरात तो पाण्याखाली गेला होता, एवढाच त्याचा इतिहास. दर रविवारी सकाळी तिथे अण्णा, सर, बापू आणि मी असे चौघे जमतो. गेल्या रविवारी अण्णांच्या हातातल्या चहावर साय धरली, तरी त्यांचे लक्ष नव्हते. त्यांचा पुतण्या चार वर्षांच्या अभ्यासानंतर राज्यसेवेची पूर्व परीक्षा पहिल्यांदाच उत्तीर्ण झाला होता. आणि प्रवेशपत्राच्या चार प्रती काढून चार ठिकाणी जपून ठेवणारा तोच मुलगा मुख्य परीक्षेच्या आदल्या रात्री मिरजेत मित्राच्या वरातीत नाचला आणि मध्यरात्रीनंतर तिथूनच एसटीने पुण्याच्या केंद्रावर गेला. पेपरात त्याला डुलक्या येत होत्या, हे त्याने घरी स्वतःच हसत सांगितले.

अण्णांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. ते म्हणाले, "सौद्याच्या दिवशी स्वतःच्याच पोत्यावर पाणी ओतणारा शेतकरी मी तीस वर्षांत पाहिला नाही. हा निव्वळ आळस आहे."

सरांना हे पटले नाही. आळशी माणूस चार वर्षे पहाटे उठत नाही, आणि आळसच असता तर तो नेमका शेवटच्या रात्री कसा उगवला, असा त्यांचा प्रश्न होता. गणित शिकवून निवृत्त झालेल्या सरांना हल्ली मानसशास्त्राचे वेड लागले आहे. त्यांनी स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग सांगितला. काही विद्यार्थ्यांना सुटणारी कोडी दिली, काहींना न सुटणारी, आणि निकाल मात्र सर्वांना उत्तम असाच सांगितला. पुढच्या चाचणीपूर्वी त्यांना दोन औषधांतून एक निवडायचे होते. एक बुद्धी तल्लख करणारे आणि दुसरे मंद करणारे, असे त्यांना सांगण्यात आले. ज्यांना यश कसे मिळाले हेच उमगले नव्हते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी बुद्धी मंद करणारे औषध मागितले. म्हणजे पुढे अपयश आले तर दोष औषधाचा, आणि त्यातूनही यश मिळालेच तर कौतुक दुप्पट. ही ओढ त्या प्रयोगात पुरुषांतच दिसली, असे सरांनी सांगितल्यावर बापू एवढ्या जोरात हसले की शेजारचे कुत्रे उठून गेले.

"म्हणजे वरात हे त्याचे औषध," अण्णा हळूच म्हणाले.

मला स्वतःला हे स्पष्टीकरण फार जवळचे वाटते. त्या मुलाला आपण पूर्व परीक्षा नशिबाने पार केली असे वाटत असेल, तर मुख्य परीक्षा ही त्याच्यासाठी संधी नव्हतीच. ती पितळ उघडे पडण्याची तारीख होती. झोप न झाल्यामुळे नापास झालेल्या माणसाची हुशारी शाबूत राहते. पूर्ण तयारीनिशी, ताज्या डोक्याने पेपर देऊन नापास झालेल्याकडे मात्र सांगायला काहीच उरत नाही.

बापूंनी मात्र हा सगळा प्रकार अपुरा ठरवला. त्यांच्या मते माणूस नेहमी अपयशाच्याच भीतीने घाबरतो असे नाही. यशानंतर जे द्यावे लागते, त्याचाही तो हिशेब करतो. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी भडंगाच्या दुकानाच्या शाखेसाठी पुण्यात गाळा पाहून इसारही दिला होता, आणि करारपत्राच्या दिवशी ते गेलेच नाहीत. आईला बरे नव्हते, असे आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो होतो. "आई ठणठणीत होती," बापू म्हणाले. "दुकान चालले असते तर मला परत येता आले नसते. हा कट्टा सुटला असता, आणि भावाला वाटले असते की मी त्याच्यापुढे गेलो." फ्रॉइडनेही 1916 मध्ये अशा माणसांबद्दल लिहिले आहे, असे सर लगेच म्हणाले: गुरूच्या जागेची वर्षानुवर्षे आस धरलेला एक प्राध्यापक ती जागा मिळताच स्वतःला नालायक ठरवू लागला आणि पुढे काही वर्षे त्याच्याने कोणतेच काम होईना.

बापूंचे म्हणणे खरे असेलही. पण मी त्यांना विचारले की इसार बुडाल्याचे दुःख त्यांना कधी झाल्याचे आम्ही का पाहिले नाही. "पुण्यात गेलो असतो तर" हे वाक्य ते महिन्यातून एकदा तरी म्हणतात, आणि त्या वाक्यातले दुकान अकरा वर्षांत एकदाही तोट्यात गेलेले नाही. बापूंनी माझ्याकडे पाहिले आणि चहावाल्याला आणखी चार चहा सांगितले. मी फार बोललो, हे मला कळले. शिवाय नाट्यस्पर्धेसाठी लिहायला घेतलेली माझी एकांकिका शेवटच्या प्रवेशावर तीन वर्षे अडली आहे, हेही तिघांना ठाऊक आहे.

एवढ्यात पुतण्याच गाडी घेऊन अण्णांना न्यायला आला. चेहरा ताजातवाना होता. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरलास का, असे अण्णांनी विचारले.

"भरतो की काका, शेवटच्या दिवशी भरतो," तो किक मारत म्हणाला. "पण त्या दिवशी सर्व्हर चालतच नाही हो."