मुक्काम कुणी ठरवायचा?

रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाला फेरी झाली की आम्ही सहा-सात जण काठावरच्या कठड्यावर टेकतो. चहावाला आम्हाला बघून आपणहून किटली घेऊन येतो. आप्पा गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन आलेले असतात, तरी इथला चहा सोडत नाहीत. परवा विषय निघाला आमच्या गाडीचा, आणि ऊन पाठीवर आलं तरी कुणी उठेना.

गाडी म्हणजे आमचं फिरतं घर. यांच्या निवृत्तीनंतर जुनी ट्रॅव्हलर घेतली. आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, छोटा फ्रीज, संडास असं सगळं बसवून घेतलं. आरटीओत बदलाची नोंद झाली आणि आरसीवर ‘कॅम्पर व्हॅन’ लागलं. निम्मे पैसे यांच्या ग्रॅच्युइटीतले, निम्मे माझ्या फंडातले. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवून साठवलेले. हे आधीच सांगते, कारण पुढं सगळा वाद त्यावरच येतो.

आप्पांनी सहज विचारलं, “मग इंजिनेर, दिवाळीत कुठं?”

हे म्हणाले, “कन्याकुमारी.” मी त्याच वेळी म्हणाले, “कुणकेश्वर.” सगळे आमच्या तोंडाकडं बघायला लागले.

यांचा बेत असा. फोंडा घाट उतरायचा, पनवेलहून कन्याकुमारीपर्यंत जाणारा 66 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा आणि गोवा, कारवार, गोकर्ण, उडुपी, कोची करत थेट टोकाला जायचं. पंधरा दिवस. माझा बेतही फोंडा घाटानंच उतरतो, पण देवगड तालुक्यात कुणकेश्वराला येऊन थांबतो. ओळखीच्यांचं परसू आहे, समुद्राची गाज ऐकू येते. आठ दिवस तिथून हलायचं नाही.

“वैनी, गाडी हिंडाय घेतलीया का बसाय?” आप्पा म्हणाले. “आठ दिवस एका जागी ऱ्हायचं तर लॉज काय वाईट? ही एवढी मोठी गाडी नेऊन नुसती उभी करायची?”

मी म्हटलं, “आप्पा, लॉजवर मी पाहुणी असते. चहाची वेळ त्यांची, खोली सोडायची वेळ त्यांची. गाडीत माझी चादर, माझा तवा, माझं पुस्तक. घर बरोबर आहे म्हणूनच मला एका जागी राहता येतं.” आप्पांना ते पटलं नाही. त्यांच्या मते चाकं असलेली वस्तू फिरलीच पाहिजे.

वकीलसाहेब तोडगा काढण्यात पटाईत. म्हणाले, “सरळ निम्मं-निम्मं करा. एक सहल यांची, एक तुमची. हवं तर कागदावर घेऊ.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला ते न्यायाचं वाटतंच.

पण आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. यांच्या सहलीत मी दिवस मोजायची. माझ्या सहलीत हे सकाळ-संध्याकाळ टायरची हवा बघायचे, आणि दर तासाला “इथून जवळच एक किल्ला आहे, जाऊन येऊ” म्हणायचे. एकानं मजा करायची आणि दुसऱ्यानं सोसायचं, मग पुढच्या खेपेला उलट. घर दोघांचं असून दर सहलीत एक जण पाहुणा. सारखी वाटणी झाली म्हणजे दोघं एकत्र फिरलो असं होत नाही, आणि मला यांच्याबरोबर फिरायचं आहे. माझा हट्ट काय तो तेवढाच.

मग मी बदामीचं सांगितलं. हे यांना कट्ट्यावर आवडणार नाही हे माहीत होतं, तरी सांगितलं.

मागच्या जानेवारीत गेलो होतो. सकाळी लेणी बघितली. तिसऱ्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा लेख आहे, शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578. यांनी तो मला जवळ नेऊन दाखवला. हे आधी भरपूर वाचून येतात. त्यांच्याबरोबर बघितलं की मला दुप्पट दिसतं, हे मी मनापासून सांगते. दुपारी अगस्त्य तलावाच्या पायऱ्यांवर बसलो. खाली बायका कपडे धूत होत्या. धोपटण्याचा आवाज पाण्यावरून जाऊन पलीकडच्या तांबड्या कड्यावर आपटायचा आणि परत यायचा. एकेक फटका दोनदा ऐकू येत होता. एक मुलगी मुद्दाम जोरात धोपटून परतीच्या आवाजाची वाट बघत होती. समोर काठावर भूतनाथाचं देऊळ. उतरती उन्हं त्याच्या दगडावर येतात, ती मला तिथंच बसून बघायची होती.

तीन वाजता हे उठले. पट्टदकल बावीस किलोमीटर, बंद व्हायच्या आत पोचायला हवं. मीही उठले. पट्टदकलला विरूपाक्षाच्या देवळापुढं उभं राहून यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या विक्रमादित्यानं कांची जिंकली, त्याची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीनं हे देऊळ बांधवलं, आणि वेरूळच्या कैलासावर याची छाप आहे. एरवी मी शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकही विचारला नाही. रात्री हे म्हणाले, “थांबायचं होतं तर सांगायचंस ना.” मी म्हटलं, “तुम्ही चावी हातात घेऊन उभे होता.”

कट्ट्यावर सगळे गप्प झाले. हे तलावाकडं बघत होते.

आक्का तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “चावी त्यांच्या हातात म्हणून निघायची वेळ त्यांची. बरं. पण निघायच्या आधी आवरतंय कोण?”

बरोबर तिथंच बोट ठेवलं त्यांनी. आमची गाडी हलायची म्हणजे आत काय काय करावं लागतं ते मी सांगितलं. ओट्यावरची भांडी कप्प्यात, प्रत्येक कप्प्याची खिट्टी, फ्रीजच्या दाराची कडी, गॅस सिलिंडरपाशी बंद, छताची खिडकी खाली, पाण्याचा पंप बंद, बाहेरचं कापडी छत गुंडाळून आत, पायरी आत. अंथरुणं वेगळीच. पाऊण तास लागतो. एक खिट्टी राहिली तर पहिल्याच वळणाला दणका. आंबा घाटात एकदा कांदा-लसूण चटणीचा डबा असाच सुटला आणि झाकण उडून पलंगावर सांडला. गादीचा वास महिनाभर गेला नाही, आणि त्या रात्री डोळे चुरचुरत दोघं जागे होतो. रोज गाव बदलायचं म्हणजे रोज आवरायचं आणि रोज पुन्हा मांडायचं. यांच्या लेखी कन्याकुमारी म्हणजे अमुक इतके किलोमीटर. माझ्या लेखी तेरा-चौदा वेळा घर बांधणं आणि सोडणं.

हे आता मात्र बोलले, आणि रागानं नाही. “मी काय बसून असतो का? दिवसाला दोन-अडीचशे किलोमीटर चालवतो. घाटात मागं रांग लागते, वळणावर समोरनं एसटी येते. तू आवरतेस, मी चालवतो. कामं वाटलेलीच आहेत.” तेही खरं आहे. रात्री त्यांचे खांदे मीच दाबून देते, मला माहीत आहे.

बंटीचं गॅरेज आहे आणि तो माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “बाई, मग तुम्ही का चालवत नाही? साडेसात टनांच्या आतली खासगी गाडी, कारच्या लायसनवर चालती की.”

चालवली आहे. मार्चमध्ये बेळगावहून परत येताना यांची मान धरली होती, म्हणून पूर्ण रस्ता मी आणली. त्या दिवशी जे झालं ते मी यांनाही नीट सांगितलं नव्हतं. संकेश्वर आलं तेव्हा हे म्हणाले, जरा चहा घेऊ. मी म्हटलं, निपाणीला. निपाणी आली, रस्ता मोकळा होता, गाडी लयीत होती. म्हटलं, कागलला थांबू. कागल आलं तर म्हटलं, आता घरच आलं की. एकदाही थांबले नाही. डावीकडं बसून हे दोनदा काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला चांगलं ओळखीचं होतं. बदामीला मी तशीच उठले होते.

म्हणून माझं म्हणणं आहे की हा स्वभावाचा प्रश्न समजू नका. “यांना पळायची हौस, हिला बसायची हौस” असं म्हणून लोक सोडून देतात. स्टिअरिंग हातात आलं की पुढचं गाव दिसायला लागतं, मग हात कुणाचेही असोत. त्यामुळं चालवणाऱ्यानं रस्ता ठरवावा, वेग ठरवावा, डिझेल कुठं भरायचं ते ठरवावं. पण मुक्काम कुठं आणि किती दिवस, हे डावीकडच्या सीटवर बसलेल्यानं ठरवावं. मी चालवत असेन तेव्हा तो हक्क यांचा. यांनी “इथं थांब” म्हटलं की मी थांबणार, कारण विचारणार नाही.

वकीलसाहेबांना हे कलम आवडलं. आप्पा म्हणाले, “आणि चुकीच्या जागी थांब म्हटलं तर?”

हे याचीच वाट बघत असावेत. “मालवणकडं माडांच्या बागेत हिनंच सांगितलं म्हणून गाडी घातली. तिला सावली दिसली, मला जमिनीचा अंदाज आला नाही. मागचं चाक निम्मं रुतलं. मागच्या चाकांवर ओढणारी गाडी, जेवढा रेस देईन तेवढी खाली जात होती. शेवटी ट्रॅक्टर आणून ओढून काढली.” यावर मला बोलायला जागा नव्हती. ओल्या वाळूवर तीन-चार टनांचं ओझं उभं करायची जबाबदारी चालवणाऱ्याचीच. मी मान्य केलं. आधी उतरून पायानं जमीन दाबून बघायची, आणि जागेला नकार द्यायचा हक्क चालवणाऱ्याचा. नकार फक्त जागेला मात्र. “इथं नको, पलीकडच्या कातळावर” चालेल. “इथं नको, मग पुढच्या गावाला” चालणार नाही.

वकीलसाहेबांनी मध्ये सरकारी धोरणाचा विषय काढला. 2021 मध्ये महाराष्ट्रानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी, गाड्या लावायला खास पार्क व्हायचे आहेत वगैरे. व्हावेत, मनापासून वाटतं. आमचे मुक्काम तरी अजून पेट्रोलपंप, देवळाचं आवार, नाहीतर कुणाच्या परसात असतात.

मग हे आपल्या प्रांतात आले. जन्म पाणीपुरवठ्यात गेला यांचा. “आठ दिवस थांबायचं म्हणतेस, पाण्याचं काय? शहरात माणशी रोज 135 लिटरचा हिशोब धरतात. आपली टाकी 120 लिटरची, दोघांत. जपून वापरलं तरी तिसऱ्या दिवशी खडखडाट. संडासाची पेटीही तिसऱ्या दिवशी रिकामी करावी लागते. आणि बॅटरी? तुला झाडाखाली उभी करायची असते. सावलीत छतावरचं सोलर मेलेलं. फ्रीज, पंखा, दिवे मिळून रोज एक युनिट जातं, बॅटरीत आहेत अडीच. चालत राहिलं तर इंजिनावर आपोआप भरते.”

हे सगळं बरोबर आहे, आणि आमची निम्मी भांडणं प्रत्यक्षात याच गोष्टीवर होतात. यांना गाडी उन्हात हवी, पॅनेलसाठी. मला सावलीत हवी, कारण दुपारी बाराला त्या पत्र्यात मी असते. इतकी वर्षं आम्ही याला आवडीनिवडीचा वाद म्हणत आलो.

बंटी म्हणाला, “सर, गाडी सावलीत लावा, पॅनेल उन्हात न्या. घडीचं पॅनेल मिळतंय, सुटकेसवानी उघडतंय. दहा मीटर वायर ओढायची. दुपारी फक्त तोंड फिरवायचं.”

“दहा मीटरला व्होल्टेज पडेल,” हे म्हणाले.

“जाड वायर घ्यायची.”

“चार स्क्वेअर एमएम?”

“सहाची घ्या, सर. आठ दिवस चालवायचंय म्हटल्यावर.”

यांनी ‘आठ’वर काही हरकत घेतली नाही. बंटीकडून पेन मागून चहाच्या कागदी कपावर पॅनेलचा वॅट आणि वायरची लांबी मांडायला लागले. परसातली विहीर किती लांब आहे तेही विचारलं. मी सांगितलं, वीस पावलं. मग तो कप त्यांनी पिशवीत टाकला.

घरी येताना म्हणाले, सहा दिवस. मी म्हटलं, सात. सातवर ठरलं. सातव्या दिवशी दुपारी आवरायला दोघं आत, खिट्ट्या हे लावणार. तिथून खाली किनाऱ्यानं निघायचं, कारवारपर्यंत मी चालवणार. कारवारच्या पुढचं अजून ठरायचंय.