सातारा टकाटक, सांगली सावकाश

काल माझ्या बोटांवर पक्षपाताचा आरोप झाला. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ टायपिंगची कामं घेऊन बसलं की मागं उभं राहून स्क्रीन वाचणारा एखादा रोज भेटतोच. हे काका मात्र वेगळेच निघाले. अर्ज त्यांच्या मेव्हण्याचा, साताऱ्याहून सांगलीला बदली मिळावी म्हणून. मेव्हणा गप्प. काका गप्प नाहीत.

"सातारा लिवताना कसा टकाटक आवाज आला," ते म्हणाले. "सांगलीला मधीच अडखळला तुम्ही. मी सांगलीचा हाय, मला कळतं."

वास्तविक त्यांचा कान पक्का होता, हेच तर खुपतंय. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे इंग्रजी कळांवर मराठी अक्षरं बसवलेल्या सरकारी मांडणीवर, 'सातारा' म्हणजे टायपिस्टाची चैन. स उजव्या तर्जनीनं एमवर, काना डाव्या मधल्या बोटानं ईवर, त उजव्या अनामिकेनं एलवर, पुन्हा काना, र जेवर, पुन्हा काना. उजवा, डावा, उजवा, डावा. एक हात मारतो तोवर दुसरा जागेवर तयार. 'सांगली'त काना वरच्या ओळीत, लगेच अनुस्वार त्याच हातानं खालच्या ओळीतल्या एक्सवर. मग ग वर आयला, ल खाली एनला, दोन्ही उजव्याच हाताला. एकाच हातानं ओळ ओलांडून उडी मारायची म्हटलं की वेग पडणारच.

हे सगळं मी त्यांना समजावलं. चूकच केली.

"म्हंजे कंपनीनंच साताऱ्याची बाजू घेतली?"

"कंपनी नाही काका, 1991चं भारतीय मानक आहे."

"मग दिल्लीत कोनतरी साताऱ्याचं बसलेलं असनार." थोडं थांबून, "आनि मिरज?"

मिरजेत म आणि वेलांटी दोन्ही डाव्या हाताला, र आणि ज दोन्ही उजव्या, असं सांगितल्यावर काकांचा चेहरा खुलला. मिरजेचं आणखी वाईट आहे, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. मग म्हणाले, "आमचा नातू मोबाईलवर नुसत्या अंगठ्यांनी यापेक्षा जोरात लिवतो."

लिहू दे की! त्याचा मोबाईल अर्धा शब्द स्वतःच पुरा करतो. इथं एक चुकीची कळ म्हणजे तीन कळा: चूक, बॅकस्पेस, बरोबर, शिवाय तुटलेली लय वेगळीच. म्हणून आधी अचूकता, वेग मागून येतो. एफ आणि जेवर उंचवटे आहेत ते तर्जनीनं चाचपून हात बसवायला, खाली बघायला नव्हे. ख हवा तर केसोबत डाव्या करंगळीनं शिफ्ट. उजवीकडच्या अक्षराला उजवाच शिफ्ट दाबाल तर अख्खा हात घर सोडतो. रेमिंग्टनवरून, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवरून आलेल्यांची बोटं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात. इथं ती नंतर. ती खोड मोडायला वेळ लागतो. क्ष म्हणजे के, डीवरचा हलन्त (अक्षराचा पाय मोडणारा), मग शिफ्टसह स्वल्पविरामाची कळ. अशी जोडाक्षरं रोज पंधरा मिनिटं, मुद्दाम सावकाश घोटायची. घाई केली की बोटं चूकच पाठ करतात.

पण हे ऐकतो कोण? लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून पोरं क्लासात वर्षभर घाम गाळतात. नोकरी लागली की प्रमाणपत्र फाईलला आणि साहेब एका बोटावर. त्या बोटानं झालेलं काम वेळेत उरकत नाही, म्हणून लोक आमच्याकडे येतात आणि आम्हालाच दर उतरवायला सांगतात.

काकांनीही सांगितलंच. मेव्हण्यानं दोनदा मजकूर बदलला होता. "जेवढं खोडलं तेवढं वजा करा."

"पैसे पानाचे घेतो काका, अक्षरांचे नाही."

त्यांनी कागद उजेडात धरला, खालचा भाग बोटानं मोजला. "मग ह्ये अर्धं पान रिकामंच की. कोऱ्याचे पैसे आमी न्हाय देनार."