तुमचं घर वाटेतच पडतं

नाशिकमध्ये फ्लॅट घेताना बिल्डर पार्किंग दाखवतो, गॅलरी दाखवतो. हे घर त्र्यंबक, वणी आणि शिर्डी या तिन्हींच्या वाटेवर आहे, हे मात्र तो सांगत नाही. ते नंतर नातेवाईक सांगतात.

"तुझं घर वाटेतच पडतं, म्हटलं चहा घेऊन पुढं जाऊ," असा काकांचा फोन आला, की बायको आधी डाळीचा डबा उघडून बघते. चहाला येणाऱ्यांच्या पिशव्यांत टॉवेल असतात, हा तिचा अनुभव.

काकांचा बेत साधा होता. सकाळी त्र्यंबक, दुपारी वणी, रात्री शिर्डी. त्र्यंबक ३० किलोमीटर, वणीचा गड साठेक, शिर्डी नव्वदच्या आसपास, आणि तिन्ही तीन दिशांना. पण काका नकाशावर बोट ठेवून प्रवास करतात. त्यात द्वारका चौकातली वाहनांची कोंडी लागत नाही. त्यातून श्रावणातला सोमवार. त्र्यंबकच्या रांगेतच त्यांचा दिवस गेला. वणी, शिर्डी राहिली आणि मंडळीही राहिली.

माझं काम घरूनच. लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो. महिन्याच्या २० तारखेला गिऱ्हाइकांना माझी आठवण होते, आणि पाहुण्यांनाही नेमकी तेव्हाच. बेडरूममध्ये लॅपटॉप उघडून एका व्यापाऱ्याशी व्हिडिओवर बोलत होतो, तर मावशी "चालू दे तुझं" म्हणत आत आली. थोड्या वेळाने व्यापारी म्हणाला, "सर, तुमच्या मागं काहीतरी हलतंय." काकांचा ओला पंचा पंख्याखाली डुलत होता.

"तू इथला, तुला सगळं ठाऊक," म्हणून पंचवटी दाखवायचं माझ्याकडे आलं. लॅपटॉपपुढे लेकीला बसवलं आणि निघालो. काळारामाच्या दारात मी सांगत होतो, की याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांनी १९३० साली सत्याग्रह सुरू केला, तो पाच वर्षं चालला. काका दाराकडे टक लावून ऐकत होते. मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "इथं चपला कोण सांभाळतं?"

सीता गुंफेत तर वाकूनच शिरावं लागतं. पुढे काका, मध्ये मी, मागे अनोळखी माणसांची रांग. काका मधेच थांबले. माझा एक हात भिंतीला, एक जमिनीला, आणि खिशात फोन वाजला. आमच्या बेडरूममध्ये धड रेंज येत नाही, इथं आली. कसाबसा स्पीकर लावला. "सर, ओटीपी आलाय, लिहून घ्या!" कशावर लिहून घेऊ? त्याने सहा आकडे खणखणीत सांगितले. पुढून काका ओरडले, "गुडघा धरलाय!" आणि मी आकडे विसरलो. बाहेर आल्यावर मागच्या एका बाईंनी ते न चुकता म्हणून दाखवले. लेकीने घरी टाकले, विवरणपत्र गेलं. त्या बाईंचं नावही विचारायचं राहिलं. खरं तर त्यांना कामावरच ठेवायला हवं होतं.

"नाशिकला येऊन द्राक्षं नाहीत?" हेही झालं. द्राक्षं जानेवारी ते एप्रिल, हे काकूंना पटलं नाही. मी पैसे वाचवतोय असा त्यांचा समज झाला.

संध्याकाळी रामकुंडावर आरती होती. पाहुणे नसते तर मी तिकडे फिरकलोही नसतो. घरापासून नदी पंधरा मिनिटांवर, पण आमची भेट पुलावरून, तीही सिग्नलकडे बघत. मावशीने द्रोणातला दिवा माझ्या हातात दिला. "तुझ्या त्या कामासाठी सोड. सकाळपासून तोंड उतरलंय." काम तर दुपारीच झालं होतं. तिला सांगितलं नाही, सोडला.

निघताना काका दारात चपला घालत म्हणाले, "आता २०२७ ला कुंभमेळा. हॉटेलबिटेल बघायच्या भानगडीत पडू नकोस, आम्ही इथंच उतरू."

"किती जण?" बायकोने विचारलं.

"अजून कुठं सगळ्यांना विचारलंय!"