फुग्यातला हेलियम आणि न्यूट्रॉनचे डिटेक्टर

भाची एम.एस्सी. फिजिक्सला आहे. परवा रात्री तिचा फोन आला. "मावशी, न्यूट्रॉन स्कॅटरिंगमध्ये पीएच.डी. करण्यात आता काही अर्थ नाही ना?" न्यूट्रॉन स्कॅटरिंग म्हणजे पदार्थावर न्यूट्रॉनचा मारा करून, ते कसे विखुरतात यावरून त्याची आतली रचना शोधणं. तिच्या प्रश्नाचं कारण एक फॉरवर्ड. त्यात लिहिलं होतं: वाढदिवसाच्या फुग्यांनी हेलियम संपवला, म्हणून न्यूट्रॉन टिपणाऱ्या डिटेक्टरना लागणारा त्याचाच प्रकार, हेलियम-3, मिळत नाही. त्याऐवजी वापरायचे बोरॉनचे डिटेक्टर पाचच टक्के न्यूट्रॉन पकडतात. बोरॉनचा वायू विषारी. तेव्हा चंद्रावरून हेलियम-3 येईपर्यंत हे प्रयोग बंद. माझ्या तीन ग्रुपवर हा मजकूर आधीच फिरून गेला होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

फुग्यात असतो हेलियम-4, नैसर्गिक वायूच्या विहिरींतून निघालेला. तो न्यूट्रॉन गिळतच नाही. डिटेक्टरमधला हेलियम-3 मिळतो ट्रिटियमपासून, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपापासून. अण्वस्त्रांसाठी साठवलेलं ट्रिटियम साधारण 12.3 वर्षांत निम्मं होतं आणि त्याचा हेलियम-3 होतो. शीतयुद्धानंतर अस्त्रं घटली, तसा हा झराही आटला. त्यात 2001 नंतर अमेरिकेने सीमांवर आणि बंदरांवर किरणोत्सार तपासणारी यंत्रं बसवली, त्यांत तो भराभर संपला. टंचाई खरी आहे, हे मान्य. फुग्यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

पाच टक्क्यांचा आकडाही साधारण बरोबर आहे, आणि भाची घाबरली ती त्यालाच. या डिटेक्टरमध्ये बोरॉन कार्बाइडचा पातळ लेप असतो. त्यातल्या बोरॉन-10 ने न्यूट्रॉन गिळला की अल्फा कण आणि लिथियमचं केंद्रक सुटतं. ते लेपातून बाहेर वायूत आले तरच सिग्नल मिळतो. लेपात त्यांची धाव मोजक्या मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून लेप मायक्रॉनभरच द्यायचा. एवढ्या पातळ लेपातून बहुतेक न्यूट्रॉन आरपार जातात. पण एकच लेप देऊन थांबतंय कोण? फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आयएलएल या न्यूट्रॉन संशोधन संस्थेत सुचलेल्या 'मल्टी-ग्रिड'मध्ये लेप दिलेले ॲल्युमिनियमचे पत्रे एकामागे एक असतात, सगळे मिळून तीसेक थर. एकातून निसटलेला न्यूट्रॉन पुढच्या कुठल्यातरी थरात अडकतो. आत भरलेला वायू म्हणजे आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड, वेल्डिंगला वापरतात तसलं मिश्रण.

जून 2016 मध्ये असा डिटेक्टर अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या सीएनसीएस या न्यूट्रॉनची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रावर (स्पेक्ट्रोमीटरवर) हेलियम-3 च्या नळ्यांच्या शेजारी बसवला. प्रयोग तोच, मोजणी एकाच वेळी. एकाने टिपलेलं प्रत्येक वैशिष्ट्य दुसऱ्यानेही टिपलं, ऊर्जेचं रिझोल्यूशन, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता, जवळजवळ सारखं आलं, आणि न्यूट्रॉनचा मारा वाढला तर मल्टी-ग्रिड सरस ठरेल असंही दिसलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एवढा एक पेपर वाचला असता तरी पुरे होतं. भाचीला मी तोच पाठवला.

फॉरवर्डमधला 'बोरॉनचा वायू' म्हणजे बोरॉन ट्रायफ्लुओराइड. तो विषारी आहे, हे खरं. म्हणूनच तो नीट सीलबंद करून, काळजीने हाताळावा लागतो. पण तो बाद झालेला नाही. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातच न्यूट्रॉन स्कॅटरिंगसाठी या वायूचे डिटेक्टर तयार झाले आहेत.

राहिला चंद्र. तिथल्या मातीत हेलियम-3 अब्जात दहाएक भाग धरला, तरी एका ग्रॅमसाठी शंभर टन माती तापवावी लागेल.

ज्या तीन ग्रुपवर ते आलं होतं, तिथे हे आज टाकते आहे.